पहारेकऱ्याच्या पोटातला चोर

उत्तरा : आत्या, हा रुमाल आजचाच आहे ना?

चंद्रप्रभा : मग काय गेल्या वर्षीचा? आत्ता तुझ्यासमोर डोळे पुसले की. रामजन्म सांगताना माझे डोळे कोरडे राहिले, तर त्या दिवशी मी कीर्तन सोडीन. उद्या बघ तू. दुपारचं ऊन डोक्यावर आलेलं, शरयूकाठी पान हलत नाही, सगळी अयोध्या श्वास रोखून उभी आहे, आणि इकडे मी मंडळातल्या आपल्या शिवांगीचं बाळ मांडीवर घेऊन पाळण्याचा पहिला सूर लावते...

उत्तरा : आत्या, एक मिनिट. रुमाल दाखव ना.

चंद्रप्रभा : अहो, पेटी थांबवा जरा. ही तुमची भाची फरीदाबादहून नोएडाला माझ्या रुमालाची झडती घ्यायला आलीय.

शशिकांत : भाची तुझी, माझी नाही. लॅबमध्ये काम करते, सवय असते त्यांना. दाखवून टाक, विषय क्लोज होईल.

उत्तरा : हा पांढरा आहे.

चंद्रप्रभा : पांढराच घेतला होता, बाई. लाजपतनगरच्या बाजारातून.

उत्तरा : पण पांढरा राहायला नको, यार. टीबीच्या गोळ्या चालू असल्या की डोळ्यातलं पाणीसुद्धा केशरी येतं. दिवाळीत गोळ्या सुरू झाल्या तेव्हा तूच मला फोन करून ओरडली होतीस, 'उत्तरा, माझ्या अंगातून झेंडूचं पाणी निघतंय, मी वाचत नाही' म्हणून. सहा महिन्यांचा कोर्स आहे तुझा. अजून संपलेला नाही. मग डाग कुठे आहे?

शशिकांत : गोळ्या चालू आहेत. रोज सकाळी पाणी मी नेऊन देतो.

उत्तरा : काका, तुम्ही पाणी देता. गोळी तोंडात जाताना बघता का?

शशिकांत : पूजेच्या वेळी घेते ती. मी पेपर वाचत असतो.

उत्तरा : आत्या?

चंद्रप्रभा : घेते.

उत्तरा : समोर देव्हारा आहे. तिकडे बघून सांग.

चंद्रप्रभा : रामाला मध्ये आणायचं कारण नाही! ...नाही घेत. झालं समाधान? संक्रांतीपासून नाही घेत.

शशिकांत : संक्रांतीपासून? अगं, चैत्र लागला! आणि मी रोज तो ग्लास भरून...

चंद्रप्रभा : पाणी प्यायले मी. पाणी चांगलंच असतं.

शशिकांत : तो टीबी सेंटरचा मुलगा गोळी घेतली का विचारायला फोन करायचा. माझ्यासमोर 'ले ली भैया, ले ली' म्हणायचीस. वर त्याला आशीर्वाद द्यायचीस!

चंद्रप्रभा : आशीर्वाद खरे होते.

उत्तरा : पण का, आत्या? मतलब, का?

चंद्रप्रभा : का ते ऐकायचंय? ऐक तर. गाझियाबादला देशपांड्यांकडे हळदीकुंकवाचं कीर्तन होतं. आख्यान ऐन रंगात आलं, आणि आले माझे डोळे भरून. ते काही मी ठरवून आणत नाही. पांढऱ्या शेल्यावर टपटप दोन थेंब पडले. केशरी! पहिल्या रांगेतली अक्षता ओरडली, 'अय्या ताई, डोळ्यांतून रक्त?' सगळ्या बायका बघायला लागल्या. मी म्हटलं, कुंकू ओघळलं गं. कीर्तनाच्या गादीवर उभी राहून खोटं बोलले मी. सगळ्या आयुष्यात जे केलं नव्हतं ते केलं. घरी आले, देवापुढे नाक घासलं आणि ठरवलं, पुन्हा गादीवर खोटं बोलायची वेळ येऊ द्यायची नाही.

शशिकांत : म्हणून गोळ्या बंद.

चंद्रप्रभा : म्हणून गोळ्या बंद.

शशिकांत : आणि मग रोज सकाळी माझ्याशी खोटं.

चंद्रप्रभा : घरातलं खोटं वेगळं असतं. त्याला सोवळं लागत नाही.

उत्तरा : आत्या, त्यापेक्षा सांगून टाकायचंस ना, मला टीबी झालाय, औषधाचा रंग आहे. आजकाल कोण काय म्हणतं?

चंद्रप्रभा : कोण काय म्हणतं? तू दिल्लीत वाढलीस, पण दिल्लीतलं मराठी मंडळ तुला अजून कळलेलं नाही. आपला विठ्ठल आठवतो?

उत्तरा : तबलेवाले विठ्ठलदादा? ते बदली होऊन गेले ना?

चंद्रप्रभा : कुठे गेलाय! इंदिरापुरमलाच राहतो. त्याला हाच आजार झाला. भोळा माणूस, स्वतःच सांगितलं कमिटीला. झालं! कुणी त्याच्या हातचा प्रसाद घेईना, कुणी सतरंजीवर शेजारी बसेना. सेक्रेटरी श्यामकांतने सभेत काय सांगावं? 'विठ्ठलरावांना विश्रांतीची गरज आहे.' आणि विश्रांती म्हणून काय आणलं, तर तबल्याचं मशीन! बटण दाबलं की धा धिं धिं धा. मशीन खोकत नाही ना! तो पोरगा पुढे औषध घेऊन खडखडीत बरा झाला, सर्टिफिकेट घेऊन दारात उभा राहिला, तर म्हणे मशीनची सवय झाली आता. मी भांडले. मला म्हणाले, ताई, तुम्ही कीर्तनकार, तुम्ही यात पडू नका. मग मी काय तोंडाने सांगू, की आता माझ्याही छातीत तेच आहे? कीर्तनकार बाईचं मशीन निघालं असतं तर तेही आणलं असतं त्यांनी!

शशिकांत : तेवढं अजून टेंडरला निघालेलं नाही.

चंद्रप्रभा : तुम्हाला थट्टा सुचते.

उत्तरा : आत्या, तू चिडतेस ते बरोबर आहे. बिल्कुल बरोबर. पण उलटं झालं ना सगळं. विठ्ठलदादा औषध घेत होते, म्हणजे थोड्या दिवसांतच त्यांच्यापासून कुणाला धोका नव्हता. तू घेत होतीस तोवर तुझ्यापासूनही नव्हता. औषध बंद केल्यावर तू धोका झालीस. आणि उद्या तू शिवांगीताईचं बाळ मांडीवर घेऊन, त्याच्या तोंडावर तोंड नेऊन पाळणा म्हणणार आहेस.

चंद्रप्रभा : काहीतरी बोलू नकोस. मंडळाची रीत आहे, वर्षातलं सगळ्यात लहान बाळ रामजन्माला कीर्तनकाराच्या मांडीवर देतात. तुलाही दिलं होतं, शिवांगीलाही दिलं होतं.

उत्तरा : तेव्हा तुला टीबी नव्हता.

चंद्रप्रभा : आता तरी कुठे आहे? खोकला गेला, ताप गेला, भूक लागते, सोसायटीच्या बागेत चकरा मारते. रोग गेल्यावर गोळ्या कुणाला घालायच्या?

उत्तरा : जे लपलेत त्यांना. बघ, मी रोज हेच बघते लॅबमध्ये. फुफ्फुसात आपले गार्ड असतात, ओके? पेशी. काम एकच, बाहेरचा कुणी दिसला की गिळायचा. गिळलेला एका पिशवीत बंद होतो. मग दुसरी पिशवी येते, तिच्यात ॲसिड...

चंद्रप्रभा : आम्ल म्हण.

उत्तरा : आम्ल. दोन्ही पिशव्या एकमेकींत मिसळतात आणि आतला विरघळून जातो. खल्लास.

चंद्रप्रभा : उत्तम. पचला म्हणायचा. मग?

उत्तरा : हा नाही पचत. हा चुपचाप गिळू देतो. पण आत गेल्यावर त्या दोन पिशव्यांना मिसळूच देत नाही. वर अंगावर मेणासारखा जाड थर. थोडंफार आम्ल आलं तरी सोसतो. आणि मग तिथेच राहतो.

चंद्रप्रभा : तिथेच म्हणजे? पहारेकऱ्याच्या पोटात?

उत्तरा : बिल्कुल. त्याचीच चरबी खातो. त्याच्यातच वाढतो.

चंद्रप्रभा : अगं लाज नाही का वाटत?

उत्तरा : कुणाला, जंतूला?

चंद्रप्रभा : दोघांनाही! थांब, मला नीट मांडू दे. म्हणजे बघा मंडळी, नगराच्या वेशीवर पहारेकरी उभा आहे. हातात भाला, कमरेला तलवार. चोर आला. पहारेकऱ्याने आरोळी दिली नाही, भाला उचलला नाही, चोराला सरळ गिळून टाकला. लोक म्हणाले, वा वा, काय पराक्रम! पागोटं बांधलं त्याला. आणि चोर कुठे? चोर आत पाय पसरून बसलेला. पहारेकरी जेवला की हाही जेवतो. पहारेकरी गस्त घालतो, तेव्हा हा त्याच्याच पायांनी सगळं नगर हिंडून बघतो! आणि राजाला वाटतं, पहारा चोख आहे...

उत्तरा : आत्या, आमच्या लॅबमध्ये येऊन बोल ना. हिंडतो ते पण बरोबर आहे. काही गार्ड खरंच त्याला घेऊन दुसरीकडे जातात.

चंद्रप्रभा : बरोबर आहे म्हणतेस? संताप होतोय माझा! खाली गेटवर त्या दूधवाल्याला रोज अडवतात. रोज येतो बिचारा, तरी कोड विचारतात. माझ्या झांजांची पिशवी उघडून बघतात, आँटीजी इसमें क्या है. आणि इथे माझ्या छातीत पोलीस व्हेरिफिकेशनशिवाय भाडेकरू ठेवलाय! रामराया, तुझं नाव घेऊन गळा झिजवला रे मी, आणि पहाऱ्याला हा असला फितूर ठेवलास?

उत्तरा : फितूर म्हणजे?

शशिकांत : शत्रूला आतून सामील झालेला.

उत्तरा : नाही नाही. फितूर नाहीये तो. त्याने तर तुला वाचवायलाच गिळला. त्याला कळतच नाही आत काय चाललंय. बाकीचे गार्ड येऊन त्याच्याभोवती कडं करतात, की हा भाग बंद करा, कुणाला त्रास नको. आतला जंतू मग झोपल्यासारखा पडून राहतो. गोळ्या जाग्या असलेल्यांना पटकन मारतात. म्हणून दोन-तीन महिन्यांत खोकला जातो, भूक लागते, माणसाला वाटतं बरं झालं. झोपलेल्यांना मारायला उरलेले महिने लागतात. तू नेमकी तिथे थांबलीस. बाहेरून सगळं ठीक. आत तो बसलेला.

शशिकांत : बाहेरून सगळं ठीक.

उत्तरा : काका, काही म्हणालात?

शशिकांत : नाही. काही नाही.

चंद्रप्रभा : तुझं शास्त्र तुझ्यापाशी. माझ्याकडे पुरावा आहे. माझा आवाज! दिवाळीच्या आधी वरच्या षड्जाला धाप लागायची, शब्द अर्ध्यात सोडावा लागायचा. गोळ्या सुरू झाल्या आणि आवाज सुटायला लागला. संक्रांतीपर्यंत तर असा मोकळा झाला, की मीच चकित. फुफ्फुस कुजलेलं असतं तर हा सूर लागला असता? त्या दिवशी देवापुढे बसले तेव्हा मनात हेच आलं, की रामाने कौल दिला, आता गोळी नको. अहो, तुम्ही सांगा तिला. तुम्ही पेटीवर असता. सुटलाय की नाही आवाज?

उत्तरा : काका?

चंद्रप्रभा : सांगा ना!

शशिकांत : पट्टी उतरवलीय मी.

चंद्रप्रभा : काय?

शशिकांत : पट्टी. तुझा सा खाली आणलाय. दिवाळीत तुझा श्वास काळी पाचला पुरत नव्हता. तू रडकुंडीला यायचीस. मग एक दिवस मी न सांगता पांढरी सहा धरली. तू म्हणालीस, आज कसं छान वाटतंय. पुढे काळी चारवर आणली. अलीकडे त्याच्याही खाली आहोत आपण.

चंद्रप्रभा : खोटं. मला कळलं असतं.

शशिकांत : कळू दिलं नाही. तंबोऱ्याच्या पेटीचं बटण माझ्याच हातात, आणि तबल्याच्या मशीनचंही. विठ्ठल असता तर त्याला तबला उतरवावा लागला असता, ठोकाठोक झाली असती, तू लगेच मागे वळून बघितलं असतंस. मशीनला काय, बटण फिरवलं की झालं.

चंद्रप्रभा : लग्न झाल्यापासून मी तुमच्या सुरावर डोळे मिटून उभी राहिले. एकदाही मागे वळून विचारलं नाही, की अहो, हा कुठला सा दिलात. डोळे मिटून! आणि तुम्ही माझ्या पायाखालची जमीन रोज थोडी थोडी खाली नेलीत, आणि मी समजतेय मीच उंच उडतेय?

शशिकांत : तू आनंदात होतीस गं.

चंद्रप्रभा : आनंदात! त्या आनंदावर मी गोळ्या बंद केल्या! खोकला आला असता, दम लागला असता, तर घाबरून घेतल्या असत्या. तुम्ही मला घाबरू दिलं नाहीत!

शशिकांत : गोळ्या बंद आहेत हे मला माहीत नव्हतं. शप्पथ. मला वाटलं, औषध चालू आहे, हळूहळू ताकद येईल, मग एकेक सूर परत वर नेईन. पण मार्गशीर्षात जो श्वास पुरत होता, तो फाल्गुनात पुरेना. तेव्हा विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, अजून खाली आणलं. सबंध नोकरीत एक फाइल दाबली नाही मी. ही दाबली.

चंद्रप्रभा : मला ओरडायचंय तुमच्यावर. भरपूर ओरडायचंय...

(ओरडण्यासाठी चंद्रप्रभा छाती भरून श्वास घेते. श्वास अर्ध्यात अडतो आणि खोकला येतो. हा खोकला गेला महिनाभर घरात होता. कधी धूळ म्हणून, कधी सुंठीचा ठसका म्हणून. तिला तो आज पहिल्यांदा ऐकू येतो.)

उत्तरा : रुमाल धर तोंडावर. नीट धर. काका, बाल्कनीचं दार उघडा, खिडक्याही. धूळ आली तरी चालेल.

शशिकांत : उघडतो.

उत्तरा : आत्या, मी पण आधी विचारायला हवं होतं. मी रोज लोकांना सांगते आणि माझ्याच घरात... जाऊ दे. सकाळी मी गाडी घेऊन येते, आपण डॉक्टरांकडे जाऊ. थुंकी परत तपासायची. त्या उरलेल्या गोळ्या आत्ता मनाने सुरू करायच्या नाहीत, समजलं ना? आत जे उरलेत ते औषधाला सरावलेले असू शकतात. कुठलं औषध द्यायचं ते तपासून ठरवतील. काका, तुमचीही टेस्ट.

शशिकांत : हो. बिल्कुल.

चंद्रप्रभा : माझा फोन द्या.

शशिकांत : श्यामकांतला मी करतो. सांगतो, कंबर लचकली आहे, उभं राहवत नाही. सेफ राहील.

चंद्रप्रभा : परत पट्टी उतरवताय?

शशिकांत : ...घे फोन.

चंद्रप्रभा : हॅलो, श्यामकांत? मी चंद्रप्रभा. उद्याचं कीर्तन मी करणार नाही. ...नाही, घसा नाही बसला, ऐकताय ना कसा खणखणीत आहे. मला क्षय झालाय. ...क्षय. टीबी. ...हो, फुफ्फुसाचाच. ...झाला म्हणजे झाला, मुहूर्त बघून येतो का तो? ...नाही, ग्रुपवर 'प्रकृतीच्या कारणास्तव' असलं काही लिहायचं नाही. आजाराचं नाव लिहा. मी औषध अर्ध्यात सोडलं, हेही लिहा. आणि माझ्या कीर्तनाला पुढे बसणाऱ्यांपैकी कुणाला खोकला असेल, तर लाजू नका, तपासून घ्या, हे ठळक लिहा. ...लोक काय म्हणतील? लोकांनी माझ्या घरी येऊन माझ्या तोंडावर म्हणावं. मी रुमाल धरून ऐकेन!

शशिकांत : अगं, हळू. दम लागतोय.

चंद्रप्रभा : लागू दे. ...तुम्हाला नाही, श्यामकांत, यांना म्हटलं. पाळणा सगळ्या बायकांनी मिळून म्हणा, सगळ्यांना येतो. बाळ आईच्या मांडीवर राहू दे. शिवांगीला मी स्वतः सांगते. आणि अजून एक. विठ्ठलला बोलवा. ...सवय झालीय मशीनची? तुमच्या त्या मशीनने काय केलंय ते कधीतरी सांगेन तुम्हाला. विठ्ठलने औषध शेवटच्या गोळीपर्यंत घेतलं. मला जमलं नाही ते त्याने केलं, आणि तुम्ही त्याला सतरंजीवरून उठवलंत! मी गप्प बसले नाही तेव्हाही, आणि आता तर... हॅलो? श्यामकांत? ऐकताय का?

उत्तरा : ठेवला?

चंद्रप्रभा : नाही. शू. ...हं. ...हो, बोला. ...हं. ...किती दिवस? ...नाही, नाही, घाबरू नका. ...घ्या लिहून. फरीदाबादला माझी भाची आहे, तिचाही देते. ...नाही सांगत कुणाला. ...हो. राम राम.

शशिकांत : काय म्हणाला? चिडला?

चंद्रप्रभा : डॉक्टरांचा नंबर मागितला.

शशिकांत : कशाला? तू खरं सांगतेस का ते बघायला?

चंद्रप्रभा : नाही हो.

उत्तरा : त्यांच्या घरी कुणाला...?

चंद्रप्रभा : कुणाला ते नाही सांगितलं. मीही नाही विचारलं.

शशिकांत : पण श्यामकांत? त्याचा आवाज तर माईक नसला तरी पार्किंगपर्यंत जातो.

चंद्रप्रभा : आत्ता मला फोन कानाला दाबून धरावा लागला.